बाळोत्यांचे डॉक्टर

डॉक्टर टिपणीस आमच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी त्यांच्या सामानाची यादी मी केली. मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीवान घाईघाईनं सामान खाली टाकत होता आणि डॉक्टर इकडे लक्ष न देता गाडीतच बसून होते. ते मला बघवेना. शाळेतली पाटी घेऊन मी ओट्यावर उभी राहिले आणि एकेक नग उतरेल तसा लिहून घेतला. पुस्तकांची ट्रंक. पितळी यंत्राची लाकडी पेटी. वळकटी, कंदील, बंब, दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. सगळं उतरलं तरी डॉक्टर उतरेनात. त्यांच्या मांडीवर मातीचं एक भांडं होतं आणि त्या भांड्याला तान्ह्या मुलाची लोकरीची कुंची घातलेली होती. हनुवटीखाली नाडीची गाठसुद्धा नीट मारलेली.

"हे काय लिहू?" मी विचारलं.

"विरजण," ते म्हणाले. "पुण्याहून आणलंय. हिसका बसू द्यायचा नाही."

मग ते इतक्या सावकाश उतरले की गाडीवानानं कपाळाला हात लावला.

मी तेव्हा जुन्नरला मुलींच्या शाळेत मुख्य शिक्षिका होते. यजमान प्लेगात गेले. त्यानंतर मी पुण्याला शिकले, नोकरी धरली आणि या गावात एकटी राहू लागले. डॉक्टरांचं घर आणि माझं घर यांत एकच भिंत. एकटी बाई आणि एकटा पुरुष यांच्यामध्ये एकच भिंत म्हटल्यावर गावाला काय, तोंडी लावायला झालंच. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी नियम घालून दिला: बोलायचं ते ओट्यावर, दिवसाउजेडी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. "बरं, बाई," एवढंच म्हणाले आणि गावात होते तोवर त्यांनी तो नियम पाळला. माझ्याकडे काही मागायला आले तरी अंगणाच्या मधोमध उभे राहत, जणू तिथे मी खडूनं रेघ मारून ठेवली होती.

माणूस उंच, जरा पुढे वाकलेला. बोलताना आपल्याकडे न बघता आपल्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. नाक मोठं आणि सदा कामात. डॉक्टर प्रत्येक वस्तूचा वास घेत. दुधाचा, पाण्याचा, रोग्याच्या उशीचा, माझ्या शाळेतल्या शाईचा. "नाक ही गरिबाची दुर्बीण आहे," असं त्यांचं म्हणणं. खरी दुर्बीण, म्हणजे ते पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र, त्यांच्याकडे होतीच. पण आधी नाक आणि मग यंत्र हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

गावातल्या दवाखान्यात ते ताप, खरूज, मोडलेली हाडं सगळं बघत आणि चांगलं बघत. पण त्यांचा जीव होता तान्ह्या मुलांच्या पोटात. त्यातही अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या. नळीसारखी बोटं, पारदर्शक कातडी, रडायलाही ताकद नाही, अशी ही मुलं. त्या काळी अशा मुलाकडे बघून लोक म्हणत, आलं तसं जाईल. डॉक्टरांना ते वाक्य ऐकवत नसे.

येऊन थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी ते छत्री घेऊन कुकडीच्या काठी गेले. बायका धुणं धूत होत्या. डॉक्टर जरा लांब उभे राहिले आणि नदीच्या पलीकडच्या काठाकडे बघत म्हणाले, "कुणाच्या घरी अंगावर पिणारं मूल आहे का? बाळोतं धुण्याआधी मला दाखवाल का?"

सगळ्या बायकांचे हात थांबले. शेजारच्या मळ्यातली गंगू, जिच्या तोंडाला उभं गाव भीत असे, ती म्हणाली, "अगं बया! डाक्टरला मेलं दुसरं काय काम न्हाई? बघा की राव, बघा! आन बघून झालं की धुऊन बी द्या!"

"धुऊन द्यायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांना ती थट्टा कळलीच नाही. त्यांनी गंगूच्या नातवाचं बाळोतं खरंच कागदात बांधून आणलं, यंत्राखाली बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुऊन, वाळवून, घडी घालून तिच्या दारात नेऊन दिलं. गंगू इतकी ओशाळली की तिनं दार लावून घेतलं. पण संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली आणि तिसऱ्या दिवशी पोरं त्यांच्यामागे ओरडत होती, "बाळोत्यांचे डॉक्टर आले!"

मी ओट्यावर त्यांना स्पष्टच विचारलं, "यात तुम्हाला काय दिसतं?"

"गाव दिसतं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे कितीदा तरी ऐकलं आणि आता मला ते पाठ आहे. जन्माला येणाऱ्या मुलाचं पोट म्हणजे ओसाड जागा. जन्मल्या क्षणापासून तिथे जंतू वस्तीला येतात. सगळे जंतू वाईट नसतात. परदेशातल्या विद्वानांना अंगावर पिणाऱ्या मुलांच्या पोटात एक विशेष जातीचे जंतू सापडलेत, ते दुधावर जगतात आणि पोट आंबट ठेवतात. तिथे मग कुजवणाऱ्यांचं काही चालत नाही. "आपल्याकडे कसं असतं, बाई? जो आधी वसतो तो मिरासदार. जमीन त्याची, पाटीलकी त्याची. मागून येतो तो उपरा. तसंच पोटात आहे. दिवस भरलेल्या मुलाच्या गावाला निदान तटबंदी असते. सातव्या महिन्याचं मूल म्हणजे वेशीला दारच नसलेलं गाव. आधी कोण शिरतं त्यावर सगळं."

"आणि तुम्हाला ते वासावरून कळतं?"

"आंबूस, गोडसर वास आला की समजावं, मिरासदार बसले. कुजका वास आला की..." ते थांबले आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिले.

हे सगळं त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच होते आणि मलाही त्यातलं निम्मंच कळत होतं. दवाखान्यातला कंपाउंडर तोंडावर रुमाल धरून हसायचा. गावातले शिकलेले लोक त्यांना संध्याकाळी गप्पांना बोलावत नसत. हात कशाला लागलेत कोण जाणे, म्हणत. डॉक्टर दवाखान्यातून येत, दूध तापवत, कोमट करत, विरजण लावत, भांड्याला कुंची घालत आणि नाडीची गाठ मारत. भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू यायचं: चमचा, झाकण, मग काही नाही. विरजण मात्र त्यांनी साऱ्या आळीला दिलं. कुणाचं दही बिघडलं की डॉक्टरांच्या दारात वाटी जाई. दह्याचा त्यांना अभिमान होता. ती कुंची कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. नियम मीच घातलेला. भिंतीपलीकडचं विचारण्याची सोय मी स्वतःच बंद करून टाकली होती.

मग कागद्यांच्या घरची गोष्ट झाली.

जुन्नरला हातकागद करणारी मुसलमान घरं होती. नदीकाठी त्यांचे हौद. जुन्या चिंध्या, तागाची पोती, दोर कुटून लगदा करायचा, साच्यावर उचलायचा, भिंतीवर ताव वाळवायचे. गिरणीच्या कागदानं तो धंदा उतरणीला लागला होता तरी काही घरं धरून होती. त्यातलं एक घर करीमभाई आणि इब्राहिमभाई या भावांचं. त्यांची आई, जिला अख्खी आळी बडी अम्मा म्हणायची, चिंध्या निवडण्यात पटाईत. डोळे अधू झालेले, पण बोटांनी कापड चाचपून ती सांगायची: हे धोतर, शेतकऱ्याचं, गुडघ्यावर झिजलेलं, ही उशीची खोळ, म्हाताऱ्या माणसाची, तेल खाल्लेली.

धाकट्या इब्राहिमची बायको झुलेखा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला. तिला भयंकर ताप चढला, शुद्ध हरपली आणि दूध आलंच नाही. इब्राहिम दवाखान्यात धावत आला. घरात पडदा होता, म्हणून डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही आत चला. मी बाहेर बसतो. तुम्ही बघा आणि मला सांगा." शाळेला मी सुट्टी दिली. ती मी त्या वर्षी दिलेली एकमेव बिनहुकमी सुट्टी.

सुईणीनं बाळ सुपात कापसावर ठेवून बाहेर आणलं. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग ते कामाला लागले. सुपाभोवती गरम कोंड्याच्या पिशव्या. झुलेखाच्या तापाला औषध. आणि बाळाला दूध: "कापसाच्या बोळ्यानं, थेंब थेंब. आणि बाईचंच. घरात अंगावर पाजणारी दुसरी कुणी आहे?"

होती. थोरल्या करीमची बायको फातिमा. तिची रझिया चार महिन्यांची, गुटगुटीत, आणि फातिमाला दूध तर असं की चोळी भिजत होती.

"झालं तर," डॉक्टर म्हणाले. "तिचं द्या."

पडद्याआडून बडी अम्माचा आवाज आला, "न्हाई. शेळीचं दिऊ."

डॉक्टर समजवायला लागले. गाव, वेस, मिरासदार, उपरे, सगळं पडद्याला सांगितलं. बडी अम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टर, तुमी पोराच्या पोटात पाटील बसवाल. आमच्या घरात कोन बसवंल?"

त्यांना काही कळेना. मी आत फातिमाजवळ बसले तेव्हा मला उलगडा झाला. दोघा भावांचं हौदावरून, साच्यावरून फाटत चाललं होतं. वाटण्या झाल्या असत्या तर दोन्ही घरं बुडाली असती. एक हौद दोघांत चिरता येत नाही. तेव्हा बडी अम्मानं दोघांना कुराणावर हात ठेवायला लावला होता: इब्राहिमला मुलगा झाला तर रझिया त्याची. त्या शब्दावर घर उभं होतं. आणि त्यांच्यात एका बाईचं दूध प्यालेली मुलं सख्खी भावंडं होतात. मग लग्न हराम.

"येक घोट जरी गेला तरी झालं," फातिमा म्हणाली. तिच्या मांडीवर रझिया झोपली होती. तिनं आवाज खाली आणला. "बाई, ते तिकडं कुंथलं की हिकडं माझं दूध वाहतंय. मी काय करू? चोळीला फडकं बांधून बसलीय."

मी बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि अगदी वकिलासारखा तोडगा काढला. फातिमानं बाळाला छातीशी घ्यायचंच नाही. दूध वाटीत काढायचं, बोळ्यानं दुसऱ्या कुणी पाजायचं.

पडद्याआड बडी अम्मा हसली. "वाटीतलं दूध काय वाटीचं असतंय, डाक्टर?"

म्हातारी निर्दय नव्हती, हे मला इथे सांगायलाच हवं. तिची स्वतःची दोन मुलं शेळीच्या दुधावर वाढली होती आणि ती दोन मुलं तिच्यासमोर उभी होती, मिशा असलेली. डॉक्टरांकडे दाखवायला काय होतं? पुस्तक आणि नाक.

शेळीचं दूध सुरू झालं. डॉक्टरांनी ते नाइलाजानं पातळ करून दिलं, वाटी-बोळा उकळून दिला. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बाळोतं कागदात बांधून आणत होते. मुख्य शिक्षिका भररस्त्यानं हातात बाळोतं घेऊन चालली आहे म्हटल्यावर माझंही नाव पडलंच. पण ते असू दे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी वास घेतला आणि कागद पुन्हा बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी मला स्वतःलाच वास आला. नासलेल्या अंड्याचा. संध्याकाळी बाळाचं पोट ताणून चकाकायला लागलं. त्याचं कुंथणंही थांबलं.

अंगणातून दिसलं, डॉक्टर यंत्राजवळ बसले होते. यंत्रात न बघता. मग ते उठले, विरजणाच्या भांड्याची नाडी सोडली, कुंची काढली आणि अंगणात येऊन माझ्या हातात दिली. "ऊब कमी पडत असेल," ते म्हणाले. "ही घालायला सांगा."

ऊब कमी नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण हातात दुसरं काही नसलेला माणूस असं काहीतरी करतो.

आम्ही गेलो. ते नेहमीसारखे पडद्याबाहेर बसले. मी कुंची बडी अम्माच्या हातात दिली. तिनं ती सवयीनं चाचपली, एखादी चिंधी निवडावी तशी. लोकर बोटांत फिरवली. गळ्याची कड दोनदा चाचपली. मग नाकाशी नेली.

"बाई," ती मला म्हणाली, "ही कुंची जुनी हाय. पन पोराच्या अंगाव कदी चढली न्हाई."

"कशावरून?"

"गळ्यापाशी लाळ गळून गळून लोकर कडक व्हते. ही मऊ हाय. वास दह्याचा येतोय, दूध पिनाऱ्या पोराचा न्हाई." मग तिनं तोंड पडद्याकडे वळवलं. "डाक्टर, ही तुमच्या घरची का?"

बाहेरून डॉक्टर म्हणाले, "हो."

"पोरगा का पोरगी?"

"मुलगा. सातव्या महिन्याचा."

"आन त्याची आई?"

"ती त्याच्या आधी गेली."

बडी अम्मानं विचारलं, "दूध कुनाचं दिलंत?"

"गाईचं. मोजून. उकळून. पुस्तकात होतं तसं."

"दुसरी कुनी पाजनारी नव्हती?"

पडद्याच्या कापडातून त्यांची वाकलेली आकृती दिसत होती, टोपी हातात घेतलेली.

"होती," डॉक्टर म्हणाले. "दारात येऊन उभी होती. आमच्यातली नव्हती."

फातिमाच्या चोळीवरचं फडकं भिजून गेलं होतं आणि ती सासूकडे बघत होती. बडी अम्मानं कुंची सुपातल्या बाळाच्या डोक्यावरून सरकवली. ती इतकी मोठी झाली की आतलं तोंड दिसेना. मग म्हातारी फातिमाला म्हणाली, "वाटी घे."

फातिमा रडतच वाटी घेऊन कोपऱ्यात गेली. बाहेर करीमभाई बसले होते, त्यांना आवाज देऊन बडी अम्मा म्हणाली, "करीम, ऐकलंस का? तुझ्या पोरीचं लगीन मोडलं." आणि लगेच, कुणी काही म्हणायच्या आत, "नवरा-बायको भांडून येगळे व्हतात रे. भाऊ-बहीन कुटं जातील? आता दोगा भावांची पोरं सख्खी झाली. सख्ख्यांत हौद तोडतंय का कुनी? तोडून बगा, मी हाय अजून."

डॉक्टर बाहेरून पाठ सांगितल्यासारखे सूचना देत होते. "दूध उकळू नका. काढलं की लगेच. थेंब थेंब. गिळला की मगच दुसरा."

ते वाचलं. लगेच नाही. बरेच दिवस ते वाचेल असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. पोट उतरायला लागलं, मग एकदा बारीक रडण्याचा आवाज आला आणि सुईण म्हणाली, "बोललं गं बया." एका सकाळी मी बाळोतं आणलं, अंगणाच्या मध्ये ठेवलेल्या स्टुलावर ठेवलं. डॉक्टर वाकले, वास घेतला आणि डोळे मिटून तसेच राहिले. मग यंत्र बाहेर ओट्यावर आणून मला म्हणाले, "बघा." मी एक डोळा मिटून बघितलं. बारीक बारीक काड्या. काहींना टोकाशी फाटा फुटलेला. मला तर शेतातलं गवतच वाटलं.

"बसले," डॉक्टर म्हणाले. "मिरासदार बसले, बाई."

मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी.

बाळाचं नाव यूसुफ ठेवलं. झुलेखाही हिंडूफिरू लागली. बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवशी त्या घरी गोड भात होता. आळीतल्या बायका आत, पुरुष बाहेर अंगणात. मी दारात उभी होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसत होतं. पुढे कुणाची चूक होऊ नये म्हणून बडी अम्मानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐका गं, ध्यानात ठेवा. फातिमा ह्याची दूधमा. रझिया ह्याची बहीन. करीमची समदी पोरं ह्याचे भाऊ, सख्खे." एकेका मुलाचं नाव घेऊन तिनं नातं लावून दिलं.

कुणीतरी चावट बाई म्हणाली, "आन डाक्टर ह्याचे कोन?"

हशा झाला. बडी अम्मा पदर सावरत म्हणाली, "डाक्टर? डाक्टर आपलं पावनं. आदी त्यांचं ताट वाढा."

आणि खरंच, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठं ताट त्यांना गेलं. यजमान भाऊ हात बांधून उभे राहिले. पाहुण्याचं झाल्यावर घरचे एका परातीभोवती बसले, दाटीवाटीनं, एकमेकांच्या बोटांतला भात ओढत. डॉक्टर तिकडे बघत होते. घरी परतताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "पाहुणा म्हणाल्या." मी म्हटलं, "मानानं म्हणाल्या." ते म्हणाले, "हो. मानानंच."

यानंतर गावात त्यांचं नाव झालं, पण भलतंच. बोरी बुद्रुकहून, कुठकुठल्या वाड्यांवरून बायका बाळोती घेऊन यायला लागल्या. मला वाटलं, चला, लोकांना पटलं. एक बाई बाळोतं उलगडून त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, "बगून सांगा, डाक्टर. पोराला पाटीलकी हाय का नशिबात?"

इब्राहिमच्या घरून पाटलांची गोष्ट बाहेर पडली होती आणि वाटेत तिचं ज्योतिष झालं होतं. डॉक्टरांनी त्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं मान डोलावली. "ते झालं हो. पन नोकरी लागंल का?"

मला हसू आवरेना. तेही हसतील असं वाटलं, पण ते यंत्राच्या पेटीचं झाकण लावत होते. आधी ज्यांना कुणी बोलावत नव्हतं त्यांच्या दारात आता गर्दी होती पण त्यांचं बोलणं आताही कुणाला पोचत नव्हतं. कुठल्याशा मासिकाला त्यांनी जुन्नरच्या मुलांवर निबंध लिहून पाठवला होता. त्याची पोचही आली नाही.

घोडेगावच्या पलीकडच्या एका वाडीवरून त्यांना बोलावणं आलं होतं, ते याच सुमाराला. तसंच अपुऱ्या दिवसांचं मूल. ते राहिले तिथे, परत आले ते पायी, धुळीनं भरलेले. अंगणाच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "सगळं बरोबर होतं, बाई. दूध आईचं, ऊब आईची. त्यांनी माझं सगळं ऐकलं. तरी गेलं. वसायला वेळच मिळाला नाही." त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून चमच्याचा आवाज आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भांड्यातलं विरजण फुकट गेलं. मग मी माझ्या दह्यातलं वाटीभर नेऊन स्टुलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे तुमचंच आहे. तुमच्याकडून नेलेलं." आळीतल्या प्रत्येक घरात त्यांचंच विरजण होतं, कुणाच्याही दारातून मिळालं असतं. त्यांनी वास घेतला, मान हलवली आणि वाटी आत नेली. कुंची तर आता नव्हतीच. ते भांड्याला पंचा गुंडाळत.

यूसुफ पावलं टाकायला लागला त्या सुमारास डॉक्टरांची बदली झाली. सामानाची यादी मीच केली, या वेळी त्यांनी सांगितलं म्हणून. आले होते तेवढंच. मोडकी खुर्ची त्यांनी मला ठेवली.

सकाळी नारायणगावला जाणारा टांगा दारात आला. सामान चढलं. डॉक्टर मागे बसले, मांडीवर पंचात गुंडाळलेलं भांडं. "हिसका बसू द्यायचा नाही," त्यांनी टांगेवाल्याला बजावलं. निरोपाला मी होते आणि कंपाउंडर होता, तोंडावर रुमाल न धरता.

एवढ्यात कागद्यांच्या आळीकडून बडी अम्मा येताना दिसली. डोक्यावरून चादर, एका हातानं बुरख्यातल्या फातिमाचा खांदा धरलेला. फातिमाच्या कडेवर यूसुफ, काळ्या कुळकुळीत डोळ्यांचा. टांग्यापाशी येऊन फातिमानं त्याला पुढे केलं. "जा, डाक्टरकडं जा."

डॉक्टरांनी एक हात पुढे केला. पोरानं त्यांच्याकडे नीट बघितलं, ओठ काढला आणि फातिमाच्या मानेत तोंड लपवलं.

"वळख न्हाई ना अजून," फातिमा ओशाळून म्हणाली.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "बरोबरच आहे."

बडी अम्मानं चादरीखालून कुंची काढली. "आता ह्याला मावत न्हाई. धुतली न्हाई बगा मुद्दाम." तिनं ती चाचपडत त्यांच्या हातात दिली आणि गळ्याच्या कडेवर त्यांचं बोट धरून ठेवलं. "हितं. लागलं का हाताला? कडक झालीय."

टांगेवाल्यानं लगाम ओढला. टांगा हिसका देऊन निघाला. डॉक्टरांनी कुंची दोन्ही हातांत घेतली आणि नाकाशी नेली. वळणावर टांगा कलला, मांडीवरचं भांडं आडवं झालं, पंचातून दही त्यांच्या गुडघ्यावर सांडायला लागलं. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. तोंड कुंचीत तसंच होतं आणि दही गुडघ्यावरून ओघळत रस्त्यावर पडत चाललं होतं.